तेजरामभाऊंचा काजळीचा कागद

व्यक्ती : तेजराम फत्तू पटले, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया.
स्थळ : गोंदियातील एका औषधनिर्माण महाविद्यालयाची मागील खोली.
दिनांक : त्या महाविद्यालयात संगणक आले, त्या वर्षीच्या धानकापणीनंतरचा मंगळवार.
साक्षीदार : एक, कामठ्याच्या बसचा कंडक्टर. दोन, मी स्वतः, कचेरीसमोरील कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस. तीन, एक बाई. तिचे नाव योग्य ठिकाणी येईल.

उपरोक्त तेजरामभाऊ भेटणाऱ्या प्रत्येक मनुष्यास नमस्कारापूर्वी एकच प्रश्न विचारतात : "पोट बोलून राहिलं का?" होकार मिळाला तरी त्यांचे समाधान होत नाही. ते वाकतात आणि समोरच्याच्या सदऱ्याला सरळ कान लावतात. माझ्या पोटासही त्यांनी भर कचेरीसमोर, चार पक्षकारांदेखत, कान लावलेला आहे. "गुडगुड आहे. बसा," असे प्रमाणपत्र मला देऊन मगच ते स्वतः बाकावर बसले.

नोकरीत असताना ते सकाळी खाटकाकडून बकऱ्याचे ताजे आतडे घेत, थर्मासमधल्या गार मिठाच्या पाण्यात ठेवत आणि बसने कॉलेजात नेत. कंडक्टरची साक्ष अशी : "मी म्हटलं, काका, घोटभर चाय द्या ना. तर म्हणते, चाय नाही बापू, आतडं आहे. जित्तं आहे, डायवरले हळू चालवाले सांग." त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी कोणी बसेना. त्या जागेवर थर्मास बसू लागला.

माझे शिक्षण नववीपर्यंतच झालेले आहे. तथापि विषय समजून घेतल्याविना मी शाईला हात लावत नाही. "जमीन, वारस की रेशनकार्ड?" त्या मंगळवारी ते अर्जासाठी आले, तेव्हा मी विचारले.

"कागद. कॉलेजातल्या भिंतीवरचा एक कागद पाहिजे. आता पोरं संगणकावरच आतडं पाहतात म्हणून जुनी खोली मोकळी करून राहिले. समदं जाळतील, बाबूजी."

सबब मी स्थळपाहणीस गेलो. शिपायाने जुन्या ओळखीवर खोली उघडून दिली. तेजरामभाऊंनी थर्मास आणलाच होता.

खोलीत दुपार दाटून आली होती. आलेख काढणाऱ्या यंत्राच्या पितळी ढोलावर त्यांनी काजळी धरलेला कागद चढवला. काचेच्या नळीत कोमट खारे पाणी, त्यात हवेचे बुडबुडे, आणि पाण्यात दोऱ्याने टांगलेला आतड्याचा बोटभर तुकडा. दोऱ्याचे दुसरे टोक एका हलक्या काडीला. ढोल इतका सावकाश फिरू लागला, की तो फिरतो आहे की आपणच वाहतो आहोत, हे कळेना. आतडे आवळे, सैल पडे. काडीचे टोक काळ्यावर पांढरी लाट काढी. धानाच्या बांधीतल्या पाण्यावरून वारा जावा तशी लाटेमागून लाट. बकरा कोठेच नव्हता. त्याचे आतडे मात्र अजून चारा पुढे ढकलीत होते. मी किती वेळ पाहत राहिलो, याची नोंद मजजवळ नाही.

मग त्यांनी ते पाणी काढून दुसरे भरले. "याच्यात समदं आहे. फक्त कॅल्शियम नाही."

लाटा लहान झाल्या. मग नुसती सरळ रेषा.

"मेले?" मी विचारले.

"मरते काऊन? वाट पाहून राहिलं." ते नळीकडे झुकले. "हातापायाचं मांस आपली कॅल्शियमची शिदोरी घरातच भरून ठेवते, बाबूजी. आतड्याले ते बहुतेक बाहेरून लागते. पेशीचं दार उघडलं, कॅल्शियम आत गेलं, का धाग्यावर धागा सरकते आन् आतडं आवळते. बाहेर काढलं का सैल."

त्यांनी काही थेंब सोडले. रेषेने हळूच मान वर केली.

त्याच वेळी भिंतीवरचा तो कागद मी पाहिला. रोगण देऊन पक्का केलेला. त्यावरही लाटा, सरळ रेषा, पुन्हा लाटा. परंतु सरळ रेषेच्या शेवटी काजळीत एक अंगठा उमटलेला होता. लोकांचे अंगठे घेण्यात माझे आयुष्य गेलेले आहे. मी म्हणालो, "हा तुमचा नव्हे. हा लहान आहे."

"फुलवंताचा," ते म्हणाले. फुलवंताबाई ही त्यांची पत्नी. "डबा घेऊन आली होती. म्हणे, हे काळं कायले लावलं जी? आन् ठेवला अंगठा. मी लय बोललो तिले, पोरांदेखत. डबाही तसाच वापस नेला."

पुढे तिच्या पोटाचे ऑपरेशन झाले. पोटात आवाज येऊ लागला की पाणी पाजा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"तीन दिवस कान लावून बसलो. डॉक्टरसाहेबाले म्हटलं, कॅल्शियम पाहा. म्हणे, पाहिलं काका, बरोबर आहे. समदंच बरोबर होतं, बाबूजी. पोटच नाही बोललं."

"फोटो असेल ना घरी?"

"आहे. फोटोत कॅमेऱ्याले भेलेली दिसते. इथं नाही भेली."

ढोल फिरतच होता. त्यांनी तो थांबवला नाही, मीही थांबवा म्हटले नाही.

अर्ज मी त्याच खोलीत लिहिला. त्यावर आवकचा शिक्का पडला. उत्तर मात्र आलेले नाही. म्हणून तो येथे सर्वांसमक्ष पुन्हा सादर करीत आहे :

सबब विनंती की, सदर कागद जाळण्यात येऊ नये व तो अर्जदारास घरी नेऊ द्यावा. कागदावरील लाटा महाविद्यालयाच्या आहेत, हे अर्जदारास मान्य आहे. साक्षीदार क्रमांक तीन, फुलवंताबाई तेजराम पटले, हयात नाहीत; त्यांचा अंगठा मूळ कागदावर, सरळ रेषेच्या शेवटी, पुन्हा लाट उठण्याच्या किंचित अलीकडे आहे. त्याची नक्कल निघत नाही. उत्तर लेखी द्यावे. अर्जदार रोज दुपारी माझ्या बाकावर बसून वाट पाहत असतात.