स्कारांच्या ट्रेलरमधली खोट

ट्रेलरमध्ये काही खोट सापडेना, म्हणून व्हर्लिन टोलेफसन बेचैन झाला होता. एल्रॉय स्कारच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली, गाडीच्या मागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर धुऊन पुसून उभं होतं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, बसायला बाक, पडदेसुद्धा इस्त्री केलेले. व्हर्लिन त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला त्याचा चेहरा आणखी उतरत होता.

"लव्होन, यात काहीतरी आहे," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

"आहे ना. गाद्या आहेत, शेगडी आहे आणि डोक्यावर छप्पर आहे. घेऊन टाक."

लव्होनला छपराची घाई होती, आणि तिचंही बरोबर होतं. मागच्या जुलैत टोलेफसन कुटुंब तळ्यावर तंबू ठोकून राहिलं होतं. आठवडाभर पाऊस पडला. जुळ्या पोरांपैकी एकाला ताप आला, दुसऱ्याच्या अंथरुणात बेडूक निघाला, आणि थोरली मार्नी सबंध आठवडा पिकअपमध्ये फुगून बसली. परत येताना लव्होन अगदी शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी डोक्यावर पत्रा असेल तर येईन. नाहीतर मुलांना घेऊन फार्गोला बहिणीकडे जाईन. तू आणि तुझे मासे सुखाने राहा." लव्होन ओरडून बोलली असती तर व्हर्लिनने मनावर घेतलं नसतं. पण वर्षातून तो एकच आठवडा त्याच्या हातात होता. एरवी तो कामावरून यायचा तेव्हा पोरं झोपलेली असायची.

जमवलेले साडेतीन हजार डॉलर होते, एक सेंटही जास्त नाही. तेवढ्यात जे ट्रेलर पाहायला मिळाले त्यांतल्या एकाची जमीन भिजलेल्या पावासारखी दबत होती. दुसऱ्यात उंदरांनी आधीच संसार थाटला होता. तिसऱ्यात मालकाने दोन वर्षं कोंबड्या ठेवल्या होत्या, आणि त्याचं म्हणणं होतं की वास सवयीने जातो. मग पेपरात स्कारांची जाहिरात आली. किंमत तीन हजार. असा ट्रेलर बाजारात सहा हजारांखाली मिळत नव्हता.

दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानून पैसे मोजले असते. पण व्हर्लिन धान्याच्या कोठारावर कामाला. शेतकऱ्यांचे गव्हाचे ट्रक आले की लांब पितळी नळी खुपसून तळातला गहू काढायचा, हुंगायचा, दाताखाली फोडायचा आणि ओल कुठे आहे ते सांगायचं. वरून सोन्यासारखा दिसणारा गहू तळाशी काळा पडलेला त्याने इतक्यांदा पाहिला होता, की चकाकणारी वस्तू दिसली की तो आधी तिचा तळ बघायचा. तीन तालुक्यांत त्याच्या नाकाची ख्याती होती.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारावं, इतका स्वस्त का देता? पण आमच्या मिनेसोटात असं विचारत नाहीत. असं विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणणं. आमच्याकडे आधी हवेवर बोलतात, मग माशांवर, मग मक्याच्या पिकावर, आणि मुद्द्यावर यायच्या आत घरी जायची वेळ होते.

"पाऊस बरा झालाय यंदा," व्हर्लिन म्हणाला.

"वाईट नाही," एल्रॉय म्हणाला. हा सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा माणूस.

"तुमच्याकडे... इकडे कुठे पाणीबिणी साचतं का?"

"ओढ्याकडे साचतं थोडं."

व्हर्लिनला ओढ्याशी काही घेणं नव्हतं. तो पुन्हा आत शिरला. कोपऱ्यातल्या भिंती अंगठ्याने दाबल्या. कपाटांत डोकं घालून हुंगलं. जमिनीवर उड्या मारल्या. गाद्या उचलल्या. मग अंगणात पाठीवर झोपून सरपटत ट्रेलरखाली गेला आणि फक्त बूट बाहेर राहिले. एल्रॉय त्या बुटांकडे बराच वेळ पाहत राहिला. हा गृहस्थ तासभर गप्प आहे, तोंड पाडून फिरतोय, म्हणजे बिचाऱ्याला पैसे कमी पडत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. पण हेही विचारायची सोय नव्हती.

"सत्तावीसशे केले तरी चालतील," तो बुटांना उद्देशून म्हणाला.

ट्रेलरखाली ठक्‌ असा आवाज आला. व्हर्लिनचं कपाळ आसावर आपटलं होतं.

कपाळावर टेंगूळ घेऊन तो बाहेर आला, तो पक्की खात्री होऊनच. मागितलं नसताना किंमत उतरवतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच. "एल्रॉय, तुमच्याकडे बागेची नळी असेल का?" त्याने विचारलं. एल्रॉयने नळी तर आणलीच, शिडीही आणली. जुळ्यांना आत बसवलं, थेंब दिसला की ओरडायचं असं बजावलं, आणि व्हर्लिन छपरावर पाणी सोडत बसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एल्रॉयची बायको ग्लॅडिसबाई आणि लव्होन लिंबाच्या वड्या खात हे पाहत होत्या.

"तुमचे मिस्टर सगळ्याच गोष्टी अशा धुऊन घेतात का?" ग्लॅडिसबाईंनी विचारलं.

"मला घ्यायच्या वेळी पाऊस नव्हता, म्हणून वाचले," लव्होन म्हणाली.

तेवढ्यात आतून आरोळी आली, "पाणी आलं, पाणी आलं." व्हर्लिन शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. इतका आनंद त्याला जुळी झाली तेव्हाही झाला नव्हता. आत खरंच जमिनीवर थारोळं होतं. पण वर पाहिलं तर छपराची खिडकी सताड उघडी, आणि खाली जुळे चिंब. बाबा दिसतात का पाहायला त्यांनीच ती उघडली होती. खिडकी लावून पुन्हा पाणी सोडलं, तर थेंब नाही.

एल्रॉयने स्वतः फडकं घेऊन जमीन पुसली. पुसता पुसता तो ओशाळून म्हणाला, "माझ्या ट्रेलरमध्ये पोरं भिजली. बरं नाही दिसत ते. दोन हजार द्या."

व्हर्लिनच्या अंगावर काटाच आला. चूक माझ्या पोरांची आणि भुर्दंड हा भरतो? "विचार करून सांगतो," तो म्हणाला, आणि लव्होनच्या हाताला धरून तिला वड्यांपासून ओढून नेलं.

पुढचे काही दिवस त्याला दुसरं काही सुचेना. गावच्या कॅफेत तो कॉफीवर कॉफी पीत आडून आडून विचारत होता. आमच्याकडे 'बरा आहे' ही तारीफ. 'वेगळा आहे' म्हटलं की समजायचं, हात लावू नका. आतापर्यंत सगळे स्कारांच्या ट्रेलरला 'बरा आहे' म्हणत होते. पण पोस्टातला लायल म्हणाला, "फार छान ट्रेलर आहे हो." छान? फार? एवढी स्तुती आमच्या गावात मयताचीसुद्धा करत नाहीत. व्हर्लिन कॉफी अर्धी टाकून उठला.

"कुणीतरी मेलंय त्यात," तो रात्री जेवताना म्हणाला.

"मग भूत तळ्यावर येईल आपल्याबरोबर. एक तास मुलांना सांभाळलं तरी पुरे," लव्होन म्हणाली. "व्हर्लिन, जुलै तोंडावर आलाय. उद्या जा आणि पैसे दे."

शनिवारी सगळे पुन्हा स्कारांच्या अंगणात हजर झाले. व्हर्लिनने हवा उरकली, मासे उरकले आणि मग हलकेच विचारलं, "या ट्रेलरात कधी कुणी... आजारीबिजारी?"

एल्रॉयने खूप विचार केला. "ग्लॅडिसच्या भावाची कुत्री व्याली होती एकदा. सहा पिल्लं. सगळी जगली." मग व्हर्लिनचा पडलेला चेहरा पाहून त्याला राहवेना. "कुत्र्यांचं आवडत नसेल तर पंधराशे द्या."

लव्होनने पर्स उघडली. व्हर्लिनने तिचा हात धरला. रात्रभर जागून त्याने एक तोड काढली होती. एल्रॉय किंमत उतरवतोय, कारण त्याचं मन त्याला खातंय. मग आपण किंमत चढवली तर? जास्त पैसे हातात घेताना देवभिरू माणसाचं मन आणखीच खाईल, आणि शेवटी तो आपणहून खोट सांगून मोकळा होईल. विचारायची गरजच नाही.

"पंधराशे फार कमी होतात," तो म्हणाला. "मी तीन हजार देतो."

लव्होनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

एल्रॉय जागच्या जागी चुळबुळला. व्हर्लिनला वाटलं, लागू पडतंय. "साडेतीन हजार," तो म्हणाला. लव्होनने त्याच्या नडगीवर बूट हाणला, पण शब्द तोंडातून गेलेला होता.

एल्रॉयने डोक्यावरची टोपी काढली. मान वळवून तो ट्रेलरकडे पाहू लागला, जणू कुणी तो आत्ताच आणून ठेवला होता. तीन तालुक्यांत ज्याच्या नाकाची ख्याती, त्या माणसाने ट्रेलर वरून, खालून, आतून तपासला. हुंगला, दाबला, धुतला. आणि आता आपण पंधराशे म्हणतोय तर हा साडेतीन हजार म्हणतो.

"ग्लॅडिस," त्याने हाक मारली, "जरा बाहेर ये."

ग्लॅडिसबाई आल्या. दोघं बाजूला जाऊन हळू बोलली. मग त्याही ट्रेलरकडे पाहू लागल्या.

"आम्ही विचार करून सांगतो," एल्रॉय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर फोन आला. लव्होनने घेतला, ऐकला आणि ठेवला. "विकायचा नाही म्हणतात. एल्रॉय सकाळपासून त्याच्याखाली पडलाय. तुला काय सापडलं ते शोधतोय."

"मला काहीच सापडलं नाही," व्हर्लिन म्हणाला.

"ते मी सांगितलं त्यांना. ग्लॅडिस म्हणाल्या, तो तर असंच म्हणणार."

त्यानंतर टोलेफसनांच्या घरात फार्गोच्या बॅगा निघाल्या. व्हर्लिनने त्या पाहिल्या आणि गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ नुसता बसला. त्याला खरोखर रडू येत होतं. पण बॅगा भरून व्हायच्या आत ग्लॅडिसबाईंचा पुन्हा फोन आला. त्यांची पोरं मोठी झाल्यापासून ट्रेलर अंगणातच उभा, आता म्हातारा म्हणतो, एवढी चांगली चीज आहे तर पुन्हा वापरून बघू, म्हणून ते दोघं जुलैत तळ्यावर निघाले होते. तुमचा सौदा आमच्यामुळे मोडला, मनाला लागून राहिलंय, आत सहा जणांची सोय आहे, आम्ही दोघंच, तर तू पोरांना घेऊन ये.

लव्होनने पहिल्या झटक्यात हो म्हटलं. आमच्याकडे हे फारसं बरं दिसत नाही, पण तिने म्हटलं.

"सहा?" व्हर्लिनने बोटांवर मोजलं. "ते दोघं, तू आणि मुलं... मग मी?"

"तुझा तंबू आहे ना."

जुलैत तळ्यावर पोचल्या पोचल्या पाऊस लागला. ट्रेलरमध्ये दिवा लागला, शेगडीवर सूप चढलं, पत्त्यांचा डाव पडला. मार्नी, जी मागच्या वर्षी हसलीच नव्हती, ती खिदळत होती. व्हर्लिन त्यांच्यापासून दहा पावलांवर तंबूत पाय पोटाशी घेऊन बसला होता, आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने छत्री घेऊन एल्रॉय आला आणि तंबूच्या तोंडाशी वाकला.

"ओलं झालंय का रे आत?"

"याहून वाईट असतं," व्हर्लिन म्हणाला. मग त्या पावसात त्याने जन्मात पहिल्यांदा एक प्रश्न सरळ विचारला. "एल्रॉय, तुम्ही इतका स्वस्त का देत होतात?"

"ट्रेलर? आमची पोरं त्यात वाढली. ग्लॅडिस म्हणाली, महाग ठेवला तर आमच्यासारखंच कुणी म्हातारं जोडपं नेईल. पोरं असलेल्या घराला परवडावा, म्हणून."

"आणि उतरवत का गेलात?"

"तुझं पडलेलं तोंड बघवेना."

व्हर्लिनला फार वाईट वाटलं. अख्खा ट्रेलर त्याने हुंगला होता, पण माणूस नुसता चांगला असू शकेल, हे काही त्याच्या नाकात शिरलं नव्हतं. "तेव्हाच सांगायचं होतंत मला," तो म्हणाला.

"तू विचारलं कुठे?" एल्रॉय म्हणाला. "बाकी तुला त्यात काय सापडलं होतं, ते आम्हाला अजून सापडत नाही. पण शोधताना मजा येते." मग त्याने तंबूत डोकावून पाहिलं. पाणी अंथरुणापर्यंत आलं होतं. "आत चल. खाली जमिनीवर गादी टाकू."

आमच्याकडची रीत अशी, की कुणी बोलावलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं.

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास," व्हर्लिन म्हणाला.

"त्रास कसला. चल."

"नाही, खरंच. मी इथे मजेत आहे." हे म्हणता म्हणता तो बूट चढवू लागला.

"एल्रॉय," ट्रेलरमधून लव्होनची हाक आली, "तुमची उतारी आहे. पानं धरून बसलोय आम्ही."

"आलो," एल्रॉय म्हणाला आणि छत्री सावरत गेला. ट्रेलरचं दार लागलं, आत पुन्हा हशा झाला. व्हर्लिनने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि तिसऱ्यांदा कुणी बोलवायला येतं का याची वाट पाहत तो तसाच बसून राहिला.