सोनाकाकूंच्या पुढ्यातला अँमीटर

तेजस, ईरा, तुम्ही दोघांनी तिकडे मिळून जुनी मोटार घेतलीत आणि तिचा अँमीटर उलटा चालतो, असं तुमच्या आईने कळवलं. या विषयात आजीला काही गती असेल असं तिला वाटलं नसावं. आहे. इंदापुरात आमच्या शेजारी दगडूतात्या राहत. नव्वदच्या दशकातला एक अख्खा उन्हाळा मी त्यांच्यापायी अँमीटरमध्ये घालवला. तुमची गाडी बिघडलेली आहे तोवरच हे लिहून पाठवते.

तात्यांनी कुणाला "कसं काय?" असं कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "काटा कुठं हाय?" अँमीटरच्या तबकडीत मधोमध शून्य असतं. बॅटरी भरत असली की काटा उजवीकडे, रिकामी होत असली की डावीकडे. साऱ्या मनुष्यजातीला हेच लागू पडतं, असं तात्यांचं मत. पोस्टमन सायकलवरूनच ओरडायचा, "डावीकडं, तात्या! पायात गोळं आल्यात." एका लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या मुलाला निरखून तात्या मोठ्याने म्हणाले, "नवरदेवाचा काटा आत्तापासनंच डावीकडं!" मुलीकडच्यांनी त्यांच्या पानात जिलबी वाढली नाही.

धंदा विहिरीवरच्या मोटारी भरण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायची. दुकान घराच्या पडवीतच. पण खरी पारख सोनाकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. तात्या पडवीत मोटार सुरू करायचे आणि आतून, हात पिठात असतानाच, काकू निकाल द्यायच्या, "बेरिंग गेलंय!" गिऱ्हाईक तात्यांकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचं.

मग एका तापाने काकूंचे कान नेले. "मला काय कळतंय आता?" म्हणून त्या पडवीत येईनाशा झाल्या, मग घराबाहेरच पडेनाशा. नरसिंहपूर त्यांचं कुलदैवत. दोघं दर वर्षी जात. तेही थांबलं.

यावर तात्यांनी उपाय काय केला? सणसरच्या एका गोठ्यातून मोडकी विलायती मोटार ओढून आणली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. "हिला ह्या गाडीतनं नरसिंहपूरला न्हेणार," त्यांनी गल्लीत जाहीर केलं. काकू बाहेर आल्या, गाडी पाहिली, "कोंबड्यास्नीच न्या," म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते वाचून सांगायचं काम माझ्याकडे. शाळेतून शिकवून आले की चहाआधी एक पान. मी वाचायचे आणि तात्या पुस्तक चुकीचं ठरवायचे.

"बॅटरीचा प्लस गाडीच्या पत्र्याला जोडावा," मी वाचलं.

"छापणाऱ्यानं चूक केलीया, बाई. तालुक्यात एक तरी ट्रॅक्टर दावा, ज्याचा प्लस पत्र्याला हाय."

"तात्या, हा ट्रॅक्टर नाही."

"तिला काय ठावं?"

आणि त्यांनी मायनस जोडला. इंजिन बंद ठेवून दिवे लावले, तर काटा ऐटीत उजवीकडे! म्हणजे दिवे जळताहेत आणि बॅटरी भरते आहे. बघायला बसलेले एक आबा गंभीरपणे म्हणाले, "तात्या, असलं एक आमच्या इहिरीवर बशिवा. पानी बी निघंल आन् इहीर बी भरंल."

चार दिवस तात्या माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बॅटरीची तोंडं फिरवली, काटा शहाण्यासारखा डावीकडे गेला, आणि ते मला म्हणाले, "तुमचं इंग्रजी आता जरा सुधारलंय." तेजस, तुझंही हेच झालं असणार. आधी पुस्तक वाच.

मग त्यांनी भलतंच केलं. पुस्तकात अँमीटर चालवणाऱ्याच्या समोर दाखवला होता. तात्यांनी पुढच्या फळीला नवं भोक पाडून तो पार डावीकडे बसवला, शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात. गाडीच्या दिव्याबिव्यांचा सगळा प्रवाह त्यातूनच जातो, म्हणून तार जाड लागते. वीतभर तारेच्या जागी तात्यांनी ती दोन हात ओढून नेली. बारामतीहून आलेला गॅरेजवाला हसून म्हणाला, "गाडी हाकणार तुमी, आन् काटा बघणार कोण?"

"तुमी तुमचा बघा," तात्या म्हणाले.

निघायच्या दिवशी काकू उंबऱ्यावरच अडल्या. "गाडी कन्हली तरी मला ऐकू यायचं न्हाय. हे वझं कशाला न्हेताय?"

तात्या माझ्याकडे वळले. "बाई, तिला कागदावर लिवून द्या. म्हणावं, माझी नजर गेलीया. काटा दिसत न्हाय. काटा बघाया कुणी नसंल तर गाडी हालायची न्हाय."

आदल्याच दिवशी हा माणूस केसाएवढी तार चष्म्याशिवाय गुंडाळत होता. मी मुकाट्याने लिहून दिलं. काकूंनी कागद वाचला, नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पदर खोचून डावीकडे जाऊन बसल्या.

मी मागच्या सीटवर होते. गाव सोडलं, दोन्हीकडे ऊस लागला. तात्यांनी गाडी अगदी हळू केली, म्हणजे बॅटरी भरायची थांबते, आणि भर दुपारी, हळूच, पुढचे दिवे लावले.

काकूंनी फळीवर थाप मारली. "अवो! डावीकडं गेला! ध्यान कुठं हाय तुमचं?"

तात्यांनी घाईघाईने दिवे बंद केले. काटा मधोमध आला. "बगा," काकू मागे वळून मला म्हणाल्या, "मी नसते तर?"

तोंड खिडकीकडे करून तात्या उसाकडे बघत राहिले. नरसिंहपूर येईपर्यंत दिवे आणखी तीनदा लागले.

तात्या आता नाहीत. गाडी आहे, त्यांचा पुतण्या ती चालवतो. काकूही आहेत, आणि त्या अजून डावीकडेच बसतात.