चार चाकांची नाडीपरीक्षा

प्रवासात चाकांत हवा भरण्याचे यंत्र कसे निवडावे, या विषयात माझ्याइतका अधिकार आमच्या गल्लीत तरी कोणाचा नसावा. तीन महिने मी या चिंतनात घालवले. पायाने दाबायचे यंत्र वर्ज्य केले, कारण गुडघे माझेच होते. अखेर ओंजळीत मावणारे, बॅटरीवर चालणारे आणि हवेच्या दाबाचा आकडा दाखवणारे यंत्र घरी आले. त्याची पुस्तिका मी स्नान करून दोनदा वाचली.

प्रसंगही तसाच गंभीर होता. पत्नीच्या थोरल्या बहिणीची दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. "तू हात धरलास तरच मी आत जाईन," असे तिने पत्नीला फोनवर निक्षून सांगितले होते. अंधारापूर्वी पोहोचणे भाग होते, आणि वाटेत चाळीस किलोमीटरचे निर्जन अरण्य होते.

निघताना चारही चाकांत बत्तीस भरले. पहिल्या थांब्यावर मोजले, तर एकतीस. दोष नको म्हणून पुन्हा मोजले, तर तीस! मी हवा भरली, आणि खात्रीसाठी तीनदा मोजली. पुन्हा तीसच.

"माझा रक्तदाबही तुम्ही असाच मोजता, दिवसातून सहादा," पत्नी म्हणाली. "बसा आता गाडीत."

"अगं, चारही चाकांची हवा सारखी उतरते आहे. चार खिळे काही एकदम लागत नाहीत."

"मग?"

"कोणीतरी ती सोडत आहे," मी हलक्या आवाजात म्हणालो.

त्याच क्षणी मला एक निळा ट्रक दिसला. पुढे आम्ही चहाला थांबलो, तेव्हाही तो तिथे होता. पेट्रोल पंपावरही होता. प्रत्येक वेळी त्याचा चालक, भरघोस मिशांचा एक धिप्पाड गृहस्थ, आमच्याकडेच टक लावून पाहत असे. मी दर दहा किलोमीटरवर थांबू लागलो, मोजू लागलो, भरू लागलो, पुन्हा मोजू लागलो. यंत्राची बॅटरी उतरत गेली, तसे भरणे कमी आणि मोजणे जास्त होऊ लागले.

अरण्याच्या तोंडाशी यंत्रावर तांबडा दिवा लागला आणि ते निमाले. शेवटचा आकडा बावीस होता. चार्जिंगची वायर घरीच होती. हरवू नये म्हणून मी ती मूळ खोक्यात, कपाटात, कुलपात ठेवली होती.

"आता ताईला काय सांगू?" पत्नी फोन हातात घेऊन म्हणाली.

मागे ट्रक थांबला. चालक उतरला. त्याच्या हातात काहीतरी काळे, लांब, वेटोळे घातलेले होते. मी दारे बंद केली आणि आयुष्यात पाठ केलेली सर्व स्तोत्रे एकदम आठवू लागलो. त्यामुळे एकही धड आठवेना.

काचेवर टकटक झाली.

"काका, काच खाली घ्या जरा."

"आमच्याजवळ काही नाही," मी आतूनच म्हणालो.

"हवा तर नाहीच, ते दिसतंय. सकाळपासून बघतोय, जिथे थांबता तिथे चारही टायरची हवा सोडताय. का म्हणून?"

"मी मोजतो आहे."

"दहादा? अहो, नळी लावताना-काढताना दरवेळी फुस्स होतं ना, ती हवाच असते. म्हटलं, या म्हाताऱ्यांना जंगलात एकटं सोडू नये, म्हणून मागे राहिलो."

हातातले वेटोळे म्हणजे ट्रकच्या ब्रेकसाठी असलेल्या टाकीतून हवा घेण्याची नळी होती. दहा मिनिटांत त्याने चारही चाके भरली. मी दाब विचारला. त्याने चाकाला एक लाथ मारली आणि "बरोबर आहे," म्हणाला. पत्नीने त्याला हात जोडले. नंतर माझ्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन करणे मला उचित वाटत नाही.

दिवेलागणीला आम्ही पोहोचलो. सकाळी ताई पत्नीचा हात धरून आत गेल्या आणि सुखरूप बाहेर आल्या.

घरी परतताच पत्नीने हवेचे यंत्र आणि रक्तदाबाचे यंत्र, दोन्ही एकाच पिशवीत बांधून स्वतःच्या कपाटात ठेवली. त्याला आता महिना झाला. डॉक्टर म्हणतात, तिचा रक्तदाब पुष्कळ उतरला आहे.

नेमका किती, ते मला मोजू दिलेले नाही.