थोरल्या अस्वलीणबाईंचा ट्रेलर

गोष्टीचं तात्पर्य चुकलं तर मूल बिघडतं का, या काळजीने रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून बाळांनो, आज नीट ऐका. आमची लेक ओवीही ऐकतेय. चुकलं तर सांगा. हळूच सांगा.

एका जंगलात सुगंधा नावाची अस्वलीण ट्रक चालवायची. ट्रक मोठा गुणी. सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात 'घुर्रर्र'!

सुगंधाला मुलगी झाली. सासूबाईंनी, म्हणजे थोरल्या अस्वलीणबाईंनी, आहेर पाठवला. काय पाठवलं? ट्रेलर! त्यात विजेवर हलणारा पाळणा, रंगीत दिव्यांची तोरणं आणि अंगाई गाणारा भोंगा. ट्रेलरच्या वायरची पिन ट्रकच्या मागे खोचायची. मग सगळं ट्रकच्या बॅटरीवर चालायचं.

सोबत निरोप होता. "बारसं माझ्या गुहेत, घाटावर. सूर्य मावळायच्या आत ये. मुहूर्त चुकला तर पुढचा एकदम पुढल्या वर्षी. तोवर पोरीला 'ए, हिला धरा' म्हणून हाक मारा."

सुगंधा निघाली. ओढ्यापाशी पिल्लाला दूध पाजायला थांबली. परत सेल्फ मारला. 'टक्'.

कोल्हा मेस्त्री आला. "वहिनी, बॅटरी गेली." नवी बसवली. पुढच्या थांब्यावर 'टक्'.

माकड आलं. "डायनामोचा पट्टा सैल आहे." पट्टा आवळला. 'टक्'.

तरस मावशी खिदळली. "तू फार काळजी करतेस गं. गाडीला कळतं ते!"

मग सुगंधाने काळजी सोडली. म्हणजे, काळजी सुटत नाही याची काळजी सुरू केली. 'टक्'.

"हा ट्रेलर लावल्यापासूनच होतंय," ती पुटपुटली.

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "आहेराला नावं ठेवतात का, बाई!"

सूर्य कलला. सुगंधा पिल्लाला घेऊन ट्रकच्या मागे जाऊन बसली. पिल्लाने पिन दिसताच उपसली आणि तोंडात घातली.

"शी! शी! थुंक आधी!"

तेवढ्यात तोरणं विझली. पाळणा थांबला. भोंगा 'नीज गं' मधल्या 'नी'वर गप्प झाला. पिल्लू तत्काळ झोपलं.

सुगंधाने वायर दोरीने वर बांधून टाकली. जरा वेळाने सेल्फ मारला. घुर्रर्र!

ती पुढे जाऊन मुद्दाम थांबली. घुर्रर्र! पुन्हा थांबली. घुर्रर्र! हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावरचे ससे म्हणाले, "बाईंना काहीतरी झालंय. दूर व्हा."

गुहेआधीच्या शेवटच्या वळणावर मात्र ती उतरली. पिन पुसली. परत खोचली. तोरणं लखलखली, पाळणा हलू लागला, भोंगा गाऊ लागला, पिल्लू रडू लागलं.

सूर्य डोंगराला टेकता टेकता ट्रक दारात आला.

"बघा!" सासूबाई सगळ्यांना म्हणाल्या. "माझा ट्रेलर होता म्हणून वेळेत पोचली!"

"आणि माझी बॅटरी," मागून आलेला कोल्हा म्हणाला.

"हो ना, सासूबाई," सुगंधा म्हणाली.

पिल्लाचं नाव ठेवलं विद्युल्लता.

तात्पर्य : आहेर कधीच बिघडत नाही. बिघडते ती बॅटरी, नाहीतर सून. शहाणीने पिन वाटेत काढावी आणि दारात लावावी.

ओवी लगेच म्हणाली, "म्हणजे आजी यायच्या आधी तू पलंगाखालचं ते कोंबड्याचं घड्याळ काढून भिंतीवर लावतेस, तसं?"