बुवांचा कान ठणकला

यज्ञेश्वरबुवांचा कान ठणकू लागला तो नेमका कीर्तनाच्या दिवशी. मंदाकिनीबाईंनी लसणीचं कोमट तेल घातलं आणि नवऱ्याच्या दोन्ही कानांत घालायला कापसाचे बोळे वळायला घेतले.

"अहो, आज तरी हळू गा. तुळजाबाईंनी निक्षून सांगितलंय."

"हळूच तर गातो नेहमी!" बुवा गरजले. पलीकडच्या गोठ्यात बसलेली म्हैस उठून उभी राहिली. मंदाकिनीबाईंनी दोन्ही कानांत बोळे ठासले.

हा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता. नारायण पेठेतले शेजारी म्हणत, "बुवा, पर्वतीवर निरोप धाडायचा असला की तुम्हालाच सांगू. जासूद कशाला?" गेल्या कीर्तनाला देवळातली कबुतरं उडाली ती तीन दिवस परतली नव्हती. देऊळ तुळजाबाईंच्या घराण्याचं. आजही कानठळ्या बसल्या तर वर्षभराची कीर्तनसेवा दुसऱ्या बुवांकडे जाणार होती, आणि घर तर त्या सेवेवरच चालत होतं.

देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले. पहिलाच सूर लावला आणि दचकले. कान बंद असले की आपला आवाज आपल्याच डोक्यात घुमतो, हे त्यांना कुठलं ठाऊक! देवाने आज गळ्यात नगाराच बसवला, असं त्यांना वाटलं. समोर तुळजाबाई, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांना काही झालं तर? बुवांनी आवाज निम्म्यावर आणला. तरी घुमतोच! आणखी उतरवला. शेवटी मृदंगावरचे गोपाळकृष्ण नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवू लागले.

ऐकू येईना म्हणून मागची माणसं पुढे सरकली. कुणी खोकलं तर चौघं डोळे वटारू लागले. या गळ्यात एवढी माया आहे हे आजवर कुणाला कळलंच नव्हतं. सोळा वर्षांच्या संसारात मंदाकिनीबाई नवऱ्याचं गाणं प्रथमच ऐकत होत्या. त्यांना रडू आवरेना.

तुळजाबाईंनी स्वतः नारळ दिला आणि बुवांच्या कानाशी येऊन सांगितलं, "वर्षभर तुम्हीच यायचं."

परतताना बुवा छाती काढून चालत होते. "पाहिलंस? आज आवाज लागला, तर लोक पुढे सरकले! आवरला म्हणून, नाहीतर भिंती पडत्या. ठणकाही थांबलाय. हे बोळे काढतो आणि उद्यापासून याहून मोठा लावतो!"

मंदाकिनीबाईंनी भर रस्त्यात त्यांचा हात धरला. "राहू द्या बोळे!"

"काय? किती दिवस?"

"वर्षभर!" त्या अशा काही ओरडल्या की आळीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.

बुवा ओशाळून इकडेतिकडे पाहू लागले. "अगं, हळू! लोक काय म्हणतील?"