गोठ्यातील नत्राचे यशस्वी निर्मूलन

सावद्याजवळच्या गिरधरभाऊंच्या गोठ्यात म्हशी शेण टाकतात, ही बाब नत्रनिर्मूलन कक्षाच्या निदर्शनास आली. कक्षाने तातडीने एक टाकी आणि हवा सोडणारे यंत्र बसवून दिले. यंत्राने शेणपाण्याच्या स्लरीत हवा खेळवायची, जिवाणूंनी त्यातले नत्र उडवून लावायचे. सत्तर टक्के नत्र गेले तर गोठ्याचा परवाना कायम. नाहीतर गोठा बंद.

यंत्र फारच चांगले निघाले. नत्र गेले, आणि त्या स्लरीवर पोसलेली भाऊंची केळीची बाग पिवळी पडली.

"नत्र कमी पडतंय, भाऊ," कक्षाच्या निरीक्षक ज्योत्स्ना मॅडम केळीचे पान उलटून म्हणाल्या. "युरिया द्या."

"मॅडम, नत्र तर तुमच्याच यंत्रानं काढलं ना!"

"ते शेणातलं. हे पिकातलं. कक्ष वेगळे आहेत."

भाऊंनी मुकाट्याने युरियाचे पोते आणले. त्यांच्या पत्नी बेबाबाईंना मात्र हा व्यवहार पटेना. त्यांनी सगळे शेण परस्पर बागेत वळवले आणि टाकीत पाणी भरले. बाग हिरवी झाली, पोते तसेच राहिले.

पुढच्या तपासणीत टाकीत नत्र सापडलेच नाही.

"म्हंजे शंभर टक्के गेलं!" भाऊ खुलले.

"आत येतानाच नव्हतं. नसलेलं काढलं, असं कसं लिहू? परवाना जाईल तुमचा. शेण कुठंय?"

"केळीले चारलं," बेबाबाई म्हणाल्या. "टाकीले काय भूक लागते व, मॅडम?"

मॅडम माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बराच वेळ पाहिले. "टाकीत नत्र दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "कुठून आलं, हा रकाना आमच्याकडे नाही."

भाऊंनी युरिया टाकीत ओतला. यंत्राने ब्याऐंशी टक्के नत्र उडवले. परवाना कायम झाला, वर 'आदर्श गोठा' म्हणून सत्कार. रावेरपर्यंतचे गोठेवाले हा प्रयोग पाहून गेले. आता खताच्या दुकानात आधी विचारतात, "केळीले पाह्यजे का यंत्राले?" यंत्रवाल्यांची रांग वेगळी असते, आणि ती आधी सुटते.

युरियाच्या प्रत्येक पोत्यात सरकारी अनुदान असते, म्हणजे तुमचा-आमचा कर. तो सध्या सावद्याच्या हवेत आहे. वाचकांनी एक खोल श्वास घ्यावा. तेवढाच परतावा.