मुंग्यांतला मानाचा फेटा

माणसानं किती प्रगती केली, हे त्याच्या आईबापाच्या लग्नाची शूटिंग सध्या कशात हाय त्यावरनं कळतं. खोटं न्हाय सांगत. आमच्यात ती पहिल्यांदा कॅसेटमध्ये हुती. मग सीडीत गेली, मग डीव्हीडीत, मग पेनड्राइव्हमध्ये. दर वेळी घरात बैठक बसली, "आता ही कायमची ऱ्हायली" असा ठराव झाला, आणि दर वेळी मागचं यंत्र भंगारात गेलं. (सीड्या वाया गेल्या न्हाईत. दोरीत ओवून शाळवाच्या रानात टांगल्या. पाखरं लई भ्यायची. आमच्या आईबापाचं लग्न एवढ्या जवळनं दुसऱ्या कुणी बघितलेलं न्हाय.)

तर आता फोर-के. म्हणजे साध्या भाषेत, जे आधी दिसत न्हवतं तेबी दिसणार. आणि सगळा घोटाळा हितंच झाला.

आमच्यात मांडवात मानाचा पहिला फेटा कुणाला, ह्याला लई किंमत. आईबापाच्या लग्नात तो बाबांच्या दोन चुलतभावांपैकी एकाला बांधला. गणपतआबा थोरल्या पातीतलं, म्हणून त्यांचा मान. हंबीरकाका धाकट्या पातीतलं पण वयानं मोठं, म्हणून त्यांचा मान. भावकीचा कायदा असाच असतो, दोन्ही बाजूंनी बरोबर. कॅसेटमध्ये बघावं, तर फेटेवाला पहिला फेटा हातात घेतोय, कुणाच्या तरी डोक्याला लावतोय, आणि नेमक्या हितं टीव्हीवर मुंग्या येतात. मुंग्या गेल्या की दोघंबी फेटा बांधून बसलेलं. एवढी वर्षं आबा त्या मुंग्यांकडं बोट करून म्हणत्यात, "ह्यो मी." काका म्हणत्यात, "ह्यो मी." आणि घर सुखात हाय.

आता माझ्या बहिणीचं, वर्षाराणीचं लगीन ठरलंय. बाबा म्हणालं, तवा जो पहिला तोच आता पहिला. दोघांनीबी जाहीर केलं, पहिला फेटा न्हाय तर मांडवात पाय न्हाय. अर्धी भावकी एकामागं, अर्धी दुसऱ्यामागं. म्हणजे लग्नाला नवरा, नवरी, भटजी आणि आचारी एवढंच उरणार. वर्षाराणी म्हणाली, "लगीन माझं हाय का त्या कॅसेटचं?" (सदर मुद्दा विचारात घेण्यात आला न्हाय.)

तेवढ्यात आमचा धैर्यशील, फोटो स्टुडिओवाला, म्हणाला, "एआयनं मुंग्या काढतो. मिशीचा केस न् केस दिसंल."

बैठकीत आबा म्हणालं, "करा की. आमाला कसली भीती?" काका म्हणालं, "आजच करा." ठराव एकमतानं मंजूर.

स्टुडिओत जायला मी गाडी काढायला बाहेर आलो, तर आबा गोठ्यापाशी उभं. "बाळा, मुंग्या तशा वाईट दिसत न्हाईत रं. जुन्या वस्तूला शोभा असती."

वाटेत काकांचा फोन. "धैर्यशीलला म्हणावं, मशिनीत काय तरी बिघाड होऊ दे. बिघाडाचं मी बघतो."

आईला विचारलं, तू तर नवरी हुतीस, पहिला कोण हुता? "मला काय ठावं? मान खाली घालून बसलीती मी. सगळ्यांच्या चपला वळखून दाखवते."

निष्कर्ष असा, की दोघांनाबी आपण पहिलं हुतो ह्याची पक्की खात्री हाय, फक्त ती बघायची न्हाय. पण एकमतानं झालेला ठराव मोडायला परत बैठक लागती, आणि बैठकीत दोघं परत "करा"च म्हणणार. म्हणून केलं.

टीव्हीपुढं सगळी भावकी. फेटेवाला आला. मुंग्या न्हाईत. आणि फेट्याखाली एक माणूस. देखणा. दाढी कोरलेली, दात पांढरेशुभ्र, गाल लोण्यासारखं. त्या काळात आमच्या अख्ख्या तालुक्यात असलं कोण न्हवतं. धैर्यशील कानात म्हणाला, "गड्या, खाली चेहराच न्हवता. मशिनीनं अंदाजानं बसवला."

मी तोंड उघडणार, तवर आबांनी श्वास सोडला. "आरं, हे तर कागलकडचं पावणं."

"कागलचं कुठलं, राधानगरीचं," काका म्हणालं. "लई मोठा माणूस. मीच म्हणालतो, पहिला मान पावण्यांस्नी."

"तू कुठं? मी म्हणालतो."

"बरं, दोघं म्हणालतो."

काकांनी आबांपुढं तंबाखूची डबी सरकवली. भावकीत ह्याला तह म्हणत्यात. पहिला फेटा पावण्यांस्नी, असं ठरलं. पत्रिकेत 'विशेष उपस्थिती' म्हणून त्यांचा फोटोबी छापला. नाव घातलं न्हाय. एवढ्या मोठ्या माणसाला नाव लागत न्हाय.

अडचण एकच. पावणं हजर पाहिजेत. आलं न्हाईत तर फेटा रिकामा, आणि परत आबा-काका. म्हणून तुम्हाला आज चहाला बोलवलंय. त्या तोंडाच्या जवळपास जाणारा एक जण पाहिजे. फेटा बांधून घ्यायचा, हात जोडायचं, शब्द काढायचा न्हाय, जेवून जायचं.

एवढा वेळ आबा-काकांस्नी हसत हुतासा. मी अजून फोटोबी दाखवला न्हाय, तवर एकानं मोबाइलमध्ये आपलं तोंड बघितलं, आणि ही मागची दोघं एकमेकांकडं कशी बघायला लागल्यात बघा. आरं, दमा की. फेटा एकच हाय.

आणि तू रं? मगाधरनं नुसता ऐकत बसलायस, तुझा हात डोक्याकडं का चाललाय?